रेल्वे थांबली, विमान पुरले नाही: भुसावळ जंक्शन आणि मे १९७४ चा देशव्यापी संप

१/
८ मे १९७४, सकाळचे सहा. या क्षणी भारतातील रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप अधिकृतपणे सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगार, २० दिवस आणि जवळजवळ संपूर्ण उपखंडभर पसरलेले लोहमार्गाचे जाळे, असा त्याचा आवाका होता. जगातील मोठ्या संपांत त्याची गणना होते. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र तो बहुधा आणीबाणीच्या प्रकरणातील एका परिच्छेदापुरता उरतो. हा धागा तोच संप भुसावळच्या नकाशावरून वाचण्याचा प्रयत्न करतो.

२/
आज एखाद्या संपामुळे विमान रद्द झाले, तर प्रवासी दुसऱ्या कंपनीचे तिकीट पाहतो. तेही मिळाले नाही तर रेल्वेकडे वळतो. म्हणजे विमान बंद पडले तरी त्याच्या पाठीशी रेल्वे उभी असते. १९७४ मध्ये प्रश्न उलटा होता. बंद पडली ती रेल्वेच, आणि तिच्या पाठीशी उभे राहू शकेल असे देशात काहीही नव्हते. विमान तर नव्हतेच नव्हते. ते का, हे आकड्यांवरून कळते.

३/
१९७०-७१ या एका वर्षात भारतीय रेल्वेने सुमारे २४३ कोटी प्रवासी वाहून नेले. विमानप्रवाशांची संख्या त्या काळी लाखांत मोजावी लागे. १९५३ च्या कायद्याने विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि देशांतर्गत नियमित सेवा ‘इंडियन एअरलाइन्स’ या एकाच सरकारी कंपनीच्या हाती होती. तिच्या ताफ्यातील नवे बोइंग ७३७ एका फेरीत सव्वाशेच्या आसपास माणसे नेई. सोळा डब्यांची एक साधी मेल गाडी हजाराहून अधिक माणसे नेत असे.

४/
शिवाय हे आकाशही निर्धोक नव्हते. १९७३ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्समध्ये व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यातील संघर्ष टाळेबंदीपर्यंत गेला होता. कामगारांनी काम थांबवले तर संप, मालकाने दरवाजे बंद केले तर टाळेबंदी. प्रवाशाच्या दृष्टीने परिणाम एकच. तेलाचे भावही त्याच हिवाळ्यात जगभर जवळजवळ चौपट झाले होते. रेल्वे संपाच्या तोंडावर देशाची पर्यायी वाहतूक अशी आधीच दमलेली होती.

५/
आता भुसावळ. मुंबईपासून सुमारे ४४५ किलोमीटर. कल्याण, इगतपुरी, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा मार्ग भुसावळला येतो आणि तेथे दुभंगतो. एक फाटा तापी ओलांडून सावदा, निंभोरा, रावेर, बऱ्हाणपूर, खंडवामार्गे इटारसीकडे, म्हणजे दिल्ली आणि अलाहाबादकडे जातो. दुसरा मलकापूर, अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरकडे, म्हणजे पुढे हावड्याकडे. मुंबई बंदर आणि उत्तर व पूर्व भारत यांच्यातील दाराची ही बिजागरी होय.

६/
हे स्थान रेल्वेनेच घडवले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, अर्थात जी.आय.पी., १८६० च्या दशकात खान्देशात पोहोचली. १८६७ मध्ये नागपूर जोडले गेले. १८७० मध्ये जबलपूरकडील दुवा पूर्ण झाला आणि मुंबई ते कोलकाता असा अखंड लोहमार्ग तयार झाला. तो भुसावळवरूनच जात होता. एका लहानशा वस्तीभोवती इंजिनांची शेड, मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड, कार्यशाळा आणि कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. शहर आधी आणि स्टेशन मागाहून, हा क्रम येथे उलटा आहे.

७/
म्हणून भुसावळचा समाजही वेगळा घडला. खान्देशी, वऱ्हाडी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय, गोवेकर, अँग्लो-इंडियन अशी कुटुंबे एका भोंग्यावर दिवस मोजू लागली. घर रेल्वेचे, दवाखाना रेल्वेचा, शाळा रेल्वेची, पाणीही रेल्वेचे. नोकरी देणारा आणि छप्पर देणारा एकच असला, की संपाचा अर्थ बदलतो. मुंबईच्या गिरणी कामगाराची चाळ बहुधा गिरणीची नसे. रेल्वे वसाहतीतल्या माणसाला मात्र कामाबरोबर घरही पणाला लावावे लागे. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

८/
या मार्गावर संपाचा इतिहास जुना आहे. मे १८९९ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या सिग्नलरांनी संप केला. हे सिग्नलर म्हणजे तारा पाठवणारे कर्मचारी. पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे तारेवरून कळत असे. तार थांबली की गाडी थांबली. मागण्या वेतनाच्या, कामाच्या तासांच्या आणि सेवाशर्तींच्या होत्या. टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी अनेक महिने या संपाची बाजू मांडली. फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारख्या नेत्यांनी संपकऱ्यांसाठी सभा आणि निधी यांची व्यवस्था केली.

९/
१८९९ चा तो मे आणि १९७४ चा हा मे, यांत बरोबर ७५ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात ४ फेब्रुवारी १९३० रोजी जी.आय.पी.च्या कामगारांनी पुन्हा मोठा संप पुकारला. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला, त्याच दिवशी मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरी स्थानकांवर संपकऱ्यांच्या तुकड्या लाल झेंडे रोवून रुळांवर आडव्या पडल्या. पोलिसांनी गोळीबार केला. परकी राजवटीतला असा संप राष्ट्रीय लढ्याचा भाग मानला जाई. प्रश्न पुढे आला तो स्वातंत्र्यानंतर: मालक आपलेच सरकार असेल, तर?

१०/
त्याचे एक उत्तर १९६० मध्ये मिळाले. जुलै महिन्यात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी पाच दिवसांचा संप केला, त्यात रेल्वे कामगारही होते. सरकारने अध्यादेश काढून तो बेकायदा ठरवला. १९ सप्टेंबर १९६८ च्या एका दिवसाच्या लाक्षणिक संपालाही कठोर कारवाईने उत्तर मिळाले. रेल्वे ही अत्यावश्यक सेवा आहे, ही सरकारची भूमिका. अत्यावश्यक सेवा देणाऱ्यांचे जगणे मात्र अत्यावश्यक का मानले जात नाही, हा कामगारांचा प्रतिप्रश्न. १९७४ चा संघर्ष या दोन वाक्यांमध्येच उभा होता.

११/
मागण्यांचा गाभा कामाच्या तासांत होता. रेल्वेच्या नियमांत कर्मचाऱ्यांची वर्गवारी कामाच्या स्वरूपावरून होई: कोणाचे काम ‘सतत’, कोणाचे ‘खंडित’. खंडित म्हणजे मधूनमधून विश्रांती मिळते असे गृहीत धरलेले काम. त्यामुळे हजेरीचे तास लांबत. फाटकवाला दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत बसलेला दिसतो खरा. पण तो फाटक सोडून घरी जाऊ शकत नाही. मग ते तास कामाचे की विश्रांतीचे?

१२/
सर्वांत बिकट अवस्था गाडीवर चालणाऱ्या ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड यांची होती. मालगाडीला वेळापत्रकाचा आधार नसतो. मेल गाडीला वाट देण्यासाठी ती एखाद्या लहान स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभी राहते, आणि इंजिनावरचा माणूस इंजिन सोडू शकत नाही. मुंबई ते भुसावळ मार्गावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस विजेची इंजिने आली होती. भुसावळच्या पुढे मात्र अजून वाफ आणि डिझेल यांचेच राज्य होते.

१३/
भुसावळचा मे म्हणजे काय, हे खान्देशात सांगावे लागत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. अशा दुपारी वाफेच्या इंजिनाच्या उघड्या भट्टीत कोळसा ओढणाऱ्या फायरमनच्या एका बाजूला आग असे आणि दुसऱ्या बाजूला लू. बारा-चौदा तासांनंतर त्याच माणसांनी सिग्नल अचूक पाहावा, अशी अपेक्षा असे. आठ तासांची मागणी ही म्हणूनच केवळ सवलतीची मागणी नव्हती. गाडीत झोपलेल्या हजार प्रवाशांच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न होता.

१४/
१९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिन कर्मचाऱ्यांच्या संघटनेने संप करून सरकारकडून दहा तासांच्या मर्यादेचे आश्वासन मिळवले. त्याच्या अंमलबजावणीवरून असंतोष कायम राहिला. त्याच सुमारास महागाईने उसळी घेतली. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या हाडांत भिनला होता. १९७३-७४ मध्ये घाऊक किमती सरासरी २० टक्क्यांनी वाढल्या. तिसऱ्या वेतन आयोगाचा अहवाल आला, पण त्याने रेल्वे कामगारांचे समाधान झाले नाही. सार्वजनिक उद्योगांतील कामगारांना मिळणारे वेतन आणि बोनस आपल्याला का नाही, हा प्रश्न धारदार झाला.

१५/
बोनसचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. १९६५ च्या बोनस कायद्यातून सरकारी खात्यांचे कर्मचारी वगळलेले होते, आणि रेल्वे हे खाते होते. पोलाद कारखान्यातील कामगार ‘उद्योगातला’ ठरे. त्या कारखान्याला कोळसा पुरवणारी मालगाडी चालवणारा मात्र ‘खात्यातला’ ठरे. रेल्वे कामगारांना औद्योगिक कामगार माना, आठ तासांचा दिवस द्या, महागाई भत्ता निर्वाहखर्चाशी जोडा, बोनस द्या, हंगामी मजुरांना कायम करा, स्वस्त धान्य पुरवा. मागण्यांची यादी साधारण अशी होती.

१६/
या मागण्यांना चेहरा मिळाला जॉर्ज फर्नांडिस यांचा. मुंबईच्या टॅक्सीचालकांचे आणि महापालिका कामगारांचे हे नेते. १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव केला होता. त्या पराभवापर्यंत पाटील देशाचे रेल्वेमंत्री होते. १९७३ मध्ये फर्नांडिस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये डाव्या, समाजवादी आणि अन्य विचारांच्या संघटनांनी मिळून राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन केली. काँग्रेसप्रणीत महासंघ संपापासून दूर राहिला.

१७/
रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्याशी वाटाघाटी सुरू होत्या. त्या पूर्णपणे तुटण्याआधीच २ मेच्या पहाटे फर्नांडिस यांना लखनौत अटक झाली. देशभर कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. संपाची तारीख ८ मे होती. पण अटकांच्या बातम्या पसरताच अनेक ठिकाणी कामगारांनी त्याआधीच काम थांबवले. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या पक्षाला तुरुंगात पाठवले, की तडजोड करायची कोणाशी, हा प्रश्न पुढचे २० दिवस अनुत्तरित राहिला.

१८/
सरकारच्या हाती कायद्याची कोणती हत्यारे होती? भारत संरक्षण नियम आणि मिसा. हे नियम वापरता आले, कारण बांगलादेश युद्धाच्या वेळी डिसेंबर १९७१ मध्ये जाहीर झालेली आणीबाणी कधी उठवलीच गेली नव्हती. शत्रूविरुद्ध केलेली तरतूद अडीच वर्षांनी फायरमन आणि सांधेवाल्यांवर लागू झाली. १९७५ ची आणीबाणी समजून घेताना हा धागा महत्त्वाचा आहे: यंत्रणा आधीपासून तयार होती आणि तिची चाचणीही झाली होती.

१९/
संपकाळात रेल्वे पूर्णपणे ठप्प होऊ नये म्हणून सरकारने आधीच तयारी केली होती. प्रवासी गाड्या मोठ्या प्रमाणावर कमी करून कोळसा आणि धान्य वाहणाऱ्या मालगाड्यांना अग्रक्रम देण्यात आला. प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या, निष्ठावंत कर्मचारी आणि निवृत्त माणसे कामाला लावली गेली. हा क्रम सूचक आहे. प्रवासी थांबू शकतो. वीजकेंद्राची भट्टी थांबू शकत नाही. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशाची वाघिण आणि घरातला दिवा यांचे नाते तेथे नजरेच्या टप्प्यात दिसते.

२०/
मग प्रवाशाने काय केले? भुसावळपुरते बोलायचे तर त्याच्यासमोर वाटा मोजक्या होत्या. जिल्ह्यात नियमित विमानसेवा नव्हती; विमान गाठायचे तर आधी औरंगाबाद, इंदूर, नागपूर किंवा मुंबईपर्यंत रस्त्याने जावे लागे. ज्याला तेथवर पोहोचता आले, त्याचा निम्मा प्रवास रस्त्यानेच झालेला असे. उरली ती एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या फेरीने सुरू झालेली ही सेवा पंचवीस वर्षांत खेड्यापाड्यांत पोहोचली होती.

२१/
भुसावळ आणि जळगाव तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर होते. हा मार्ग पश्चिमेला धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्गाला भेटे आणि पूर्वेला नागपूरकडे जाई. त्यामुळे खान्देशाला रस्ता होता. मात्र एका मेल गाडीइतकी माणसे हलवायची तर वीसहून अधिक बस लागतात. मे म्हणजे लग्नसराई आणि शाळांच्या सुट्यांचा महिना. अशा संकटात प्रवाशाचा पहिला उपाय पर्यायी वाहन हा नसतोच. पहिला उपाय म्हणजे प्रवास न करणे. तारखा पुढे ढकलणे, लहान टप्प्यांत जाणे, ओळखीच्या ट्रकमधून निघणे हे त्यानंतरचे उपाय.

२२/
माणूस थांबतो, केळी थांबत नाही. रावेर, सावदा, निंभोरा, यावल हा पट्टा म्हणजे देशातील केळीचे एक मोठे आगर. येथून केळीच्या वाघिणी भरून सुमारे ११०० किलोमीटरवरच्या दिल्लीकडे जात. घड हिरवा असतानाच कापला जातो आणि वाटेत पिकू लागतो. उन्हाळ्यात हा वेग वाढतो. कापूस गोदामात थांबेल, गहू थांबेल. कापलेला घड मात्र मोजक्याच दिवसांची मुदत देतो. संपाचे गणित बागायतदाराला म्हणूनच सर्वांत निष्ठुर वाटणार, हे उघड आहे.

२३/
तोच माल विमानाने पाठवावा, असे कोणी म्हणणार नाही. पण का नाही, ते पाहणे उद्बोधक आहे. त्या काळच्या एका साध्या चारचाकी वाघिणीत वीस टनांहून अधिक माल मावे, आणि अशा अनेक वाघिणींची एक मालगाडी होई. त्या एकाच गाडीचा माल हलवायला विमानांची रांग लागली असती. विमान पत्र नेऊ शकते. १९४९ मध्ये नागपूर केंद्र धरून सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाने ते सिद्ध केले होते. पण पत्र हलके असते आणि केळीचा घड जड.

२४/
सर्वांत कठीण परीक्षा वसाहतीतील घरांची होती. पगार थांबला. देशातील अनेक रेल्वे वसाहतींत संपकऱ्यांच्या कुटुंबांवर घर सोडण्याचा दबाव आला, काही ठिकाणी सामान बाहेर काढले गेले. घरचा पुरुष अटकेत किंवा भूमिगत. घर, मुले आणि उधारी सांभाळायची ती स्त्रियांनी. संप पाळायचा की कामावर जायचे, हा निर्णय त्या घरांत केवळ विचारसरणीचा नव्हता. शेजारी संपावर असताना कामावर गेलेला माणूस संप मिटल्यावरही त्याच चाळीत राहणार होता. भुसावळसारख्या रेल्वेनगरीत याचे वजन किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

२५/
१८ मे, संपाचा अकरावा दिवस. सकाळी राजस्थानात पोखरणला भारताने पहिली अणुचाचणी केली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचे मथळे बदलले. संपावरून लक्ष हटवण्यासाठीच ही वेळ निवडली, असा आरोप तेव्हापासून होतो. चाचणीची तयारी संपाच्या खूप आधीपासून चालू होती, हेही तितकेच खरे. हेतूचा निवाडा बाजूला ठेवला, तरी परिणाम स्पष्ट आहे: देशाच्या चर्चेचा विषय एका सकाळीत बदलला आणि तुरुंगातल्या कामगारांची बातमी आतल्या पानांवर गेली.

२६/
२७ मे रोजी, विसाव्या दिवशी, समितीने संप विनाअट मागे घेतला. हजारो कामगार अटकेत होते. हजारोंना बडतर्फ केले गेले. त्यासाठी शिस्तविषयक नियमांतील १४(२) हे कलम वापरले गेले. चौकशी करणे व्यवहार्य नाही असे अधिकाऱ्याने लिहिले, की आरोपपत्र आणि सुनावणी यांविना नोकरी संपे. अनेकांच्या सेवेत खंड धरला गेला. त्याचा फटका निवृत्तिवेतनापर्यंत बसू शकत होता. वीस वर्षे इंजिनावर काढलेल्या माणसाला एका टाइप केलेल्या कागदाने घरी बसवता येई.

२७/
पुढचा क्रम परिचित आहे. २ जानेवारी १९७५ रोजी समस्तीपूरला झालेल्या बॉम्बस्फोटात ललित नारायण मिश्र जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. जूनमध्ये आणीबाणी आली. फर्नांडिस भूमिगत झाले, १९७६ मध्ये पकडले गेले आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच मुजफ्फरपूरची निवडणूक जिंकले. नव्या सरकारात रेल्वे खाते मधू दंडवते यांच्याकडे आले. हे मूळचे अहमदनगरचे, राजापूरचे खासदार. संपात बडतर्फ झालेल्यांना पुन्हा कामावर घेण्याचा निर्णय त्यांच्या काळात झाला.

२८/
२६ डिसेंबर १९७७ रोजी दंडवते यांनी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. वरच्या वर्गाचा डबाच नसलेली ही वर्गविरहित गाडी नागपूरमार्गे, म्हणजे भुसावळवरूनच धावू लागली. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आणण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी निगडित बोनस मंजूर झाला. संप मोडला होता. पण त्याची एक मुख्य मागणी पाच वर्षांनी सरकारी आदेशाच्या रूपाने परत आली. आणि १९८९ मध्ये खुद्द जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले.

२९/
मग हा संप यशस्वी की अयशस्वी? २० दिवसांचा हिशेब मांडला तर पराभव. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर उत्तर इतके सोपे राहत नाही. मात्र बोनस मिळाला म्हणून वसाहतीतून बाहेर पडलेल्या कुटुंबांची तीन वर्षे परत येत नाहीत. दुसऱ्या बाजूने, कामगारांची मागणी न्याय्य होती म्हणून अडकलेल्या प्रवाशाचे किंवा बागायतदाराचे नुकसानही खोटे ठरत नाही. त्या नुकसानीची किंमत संपकऱ्याच्या एकट्याच्या खात्यावर मांडायची, की टेबलावरून उठलेल्या सरकारच्याही, हा खरा वाद आहे.

३०/
आता पुन्हा आकाशाकडे. एप्रिल-मे २०११ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांच्या एका गटाने दहा दिवस संप केला. मुख्य मागणी वेतनसमानतेची होती, म्हणजे १९७४ च्या यादीतलीच. शेकडो उड्डाणे रद्द झाली; पण प्रवाशांना इतर विमान कंपन्या होत्या आणि त्यांच्याही मागे रेल्वे होती. जळगावला नियमित विमानसेवा यायला डिसेंबर २०१७ उजाडला. आज खान्देशातील प्रवाशाकडे १९७४ पेक्षा अधिक वाटा आहेत. संप सुसह्य होतो तो या वाटांमुळे.

३१/
वैमानिकाने सलग किती तास काम करावे, हा वाद आज विमानवाहतुकीत चालू आहे. थकलेल्या हातांत शेकडो जीव द्यावेत का, हा त्याचा गाभा. नेमका हाच प्रश्न भुसावळच्या लोको शेडमधून निघणाऱ्या फायरमनचा होता. १८९९ च्या तारवाल्यापासून आजच्या वैमानिकापर्यंत साधने बदलली. कामाचे तास हा मुद्दा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने मांडावा लागला. गाडी किंवा विमान रद्द झाल्याची सूचना आली, की पुढची आसने शोधण्याबरोबर आणखी एक गोष्ट शोधण्यासारखी असते: संपकऱ्यांच्या मागण्यांची यादी. १९७४ च्या यादीत पहिल्या काही ओळींतच ‘आठ तास’ असे लिहिलेले होते.